नळीचे तोंड दाराकडे

घराच्या विम्याची पुस्तिका कोणी वाचत नाही. मी वाचली होती, आणि ती एकदा नव्हे तर तीनदा. तिसऱ्या खेपेस तिच्यातल्या इंग्रजी कलमांचा मराठी तर्जुमा स्वतःच्या टंकलेखन यंत्रावर करून, दोऱ्याने शिवून फायलीत लावला होता. ज्या एका कलमासाठी मी विमा कंपनीशी पाच महिने पत्राने भांडलो, तेच कलम वेळ आल्यावर मी माझ्या हाताने निकामी केले. कंपनीला मी आजही माफ केलेले नाही. पण ज्या गुन्ह्यासाठी तिला माफ करायचे नाही, तो गुन्हा तिचा नव्हता, हे लिहून ठेवण्याइतका जीव अजून माझ्यात आहे.

मी एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत अधीक्षक होतो. वकील नव्हतो; पण वकिलांच्या चुका काढणे हेच माझे काम होते. घरी आल्यावर तेच काम मी फुकट करीत असे. पाणी दोन दिवस उशिरा आले की महापालिकेला पत्र, बिलात चूक दिसली की वीज मंडळाला पत्र. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे, आणि त्या प्रतीवर समोरच्याची पोच. पोचेशिवाय पत्र म्हणजे भिंतीशी केलेले बोलणे, असे मी मानीत असे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे होती. एक आमचे, आणि चार पावलांच्या अंतरावर, दारासमोर दार असलेले दुसरे. त्या बिऱ्हाडाच्या धन्याला आमच्या घरात नाव नव्हते; ते ‘समोरचे’ होते. बुधवार पेठेत एका बोळात त्यांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर उघडी पडलेली यंत्रे. पण लांबलांबून माणसे त्यांचा पत्ता विचारीत येत, कारण केसाएवढ्या तारेला डाग देताना त्यांचा उजवा हात हलत नसे. ते मला वकीलसाहेब म्हणत. मी वकील नाही असे मी सव्वीस वर्षांत अनेकदा सांगितले. त्यावर ते म्हणत, “म्हणून तर म्हणतो. असतात तर म्हणालो नसतो.”

घरात बंदूक होती. माझ्या वडिलांची जमीन खडकवासल्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला होती आणि रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी त्यांना बंदुकीचा परवाना मिळालेला होता. दुनळी, बारा बोअरची. नळ्यांच्या मागे काडतुसावर आपटणारे दोन घोडे बाहेरूनच दिसत, जुन्या बंदुकांना असत तसे. वडील गेले, जमीन गेली, डुकरे कुठे गेली ते मला ठाऊक नाही. बंदूक मात्र वारसाहक्काने परवान्यासह माझ्याकडे आली. निवडणूक लागली की ती पोलीस चौकीत जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर पावती देऊन परत आणायची. परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी कॅम्पातल्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्यायची. शेवटच्या तपासणीत तो म्हणाला होता, “साहेब, डाव्या घोड्याची कमान गेलीय. पुरा मागे ओढायलाही नको. अर्धा ओढून सुटला तरी पडंल. भरून ठेवू नका.” त्याच्याकडून मी हे लेखी घेतले. तो कागदही फायलीत लावला. कागद फायलीत लागला की धोका संपला, असे मला आयुष्यभर वाटत आले.

विम्याचे असे झाले. घरात चोरी होईल, आग लागेल, म्हणून सगळ्या वस्तूंची यादी करून मी पॉलिसी मागितली. यादीत बंदूक लिहिली. कंपनीने ती खोडून यादी परत पाठवली. मी पत्र लिहिले. मग त्यांनी बंदूक घेतली, चोरीपुरती. मी पुन्हा लिहिले: बंदूक चोरीला गेल्याने माझे जे नुकसान होईल त्यापेक्षा ती घरात असल्याने दुसऱ्याचे होणारे नुकसान मोठे आहे, त्यासाठी त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचे कलम पॉलिसीत असताना बंदुकीचा अपवाद का? शेवटी त्यांच्या अधिकाऱ्याने मला बोलावून घेतले. त्याचे टेबल कागदांनी भरलेले होते आणि त्यांतले निम्मे माझे होते.

“साहेब,” तो म्हणाला, “सरळ आहे. बंदूक गेली तर आम्ही. बंदुकीनं कोणी गेला तर तुम्ही.”

“हे वाक्य आपण मला लेखी द्या,” मी म्हणालो.

त्याने ते दिले नाही. पंधरा दिवसांनी पॉलिसीला एक पुरवणी जोडून आली. विमेदाराच्या निष्काळजीपणामुळे त्याच्या बंदुकीने त्रयस्थास इजा झाल्यास आणि त्याबद्दल विमेदार कायद्याने जबाबदार ठरल्यास, भरपाई कंपनी देईल. मी जिंकलो होतो. त्या संध्याकाळी समोरच्यांना चहाला बोलावून मी ती पुरवणी वाचून दाखवली.

“म्हणजे मला गोळी लागली तर कंपनी पैसे देणार?” त्यांनी विचारले.

“माझी चूक असेल तर.”

“तुमची चूक?” त्यांनी कप खाली ठेवला. “अहो, मग बुडालीच म्हणा ती भरपाई. तुमची चूक आजवर कोणी सिद्ध केलीय?”

आम्ही चौघेही हसलो. माझी पत्नी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्याही हसल्या. मला तो हशा अजून ऐकू येतो, आणि तो कोणत्या वाक्यावर झाला हेही आठवते.

आता खंडेनवमीचे सांगतो. त्या दिवशी घरोघर शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. समोरचे आपल्या दुकानात सोल्डरिंग आयर्नला हळदकुंकू लावीत. आमच्याकडे चौरंगावर टंकलेखन यंत्र, माझे पेन, पत्नीची विळी आणि मधोमध बंदूक मांडलेली असे. बंदुकीच्या पूजेला वडिलांचे दोन नियम होते. पहिला, नळीचे तोंड देवाकडे करायचे नाही. आमचा देव्हारा आतल्या भिंतीला असल्याने तोंड आपोआप दाराकडे येई. दुसरा नियम वडील एका वाक्यात सांगत: “शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करीत नाहीत, तसं देवापुढं शस्त्र रिकामं ठेवत नाहीत.” म्हणून नवमीला सकाळी डाव्या नळीत एक काडतूस घालायचे आणि दसऱ्याच्या संध्याकाळी, उत्तरपूजा झाल्यावर, काढून घ्यायचे. मधल्या काळात मांडलेल्या पूजेला हात लावायचा नसतोच. मग धोका कसला, हा वडिलांचा हिशेब. शेतावरच्या घरात तो बरोबर असेल. तिथे दारासमोर चार पावलांवर कोणाचे दार नव्हते.

मी हा नियम पाळत होतो. परवान्यातल्या अटी मला पाठ होत्या, कॅम्पातल्या माणसाचा कागद फायलीत होता, आणि तरीही दर नवमीला मी स्नान करून, सोवळ्याने, ते काडतूस डाव्या नळीत घालीत होतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. माझ्या पत्नीला होता. समोरच्यांना होता की नाही, हा प्रश्न मी पुढे तीन वर्षे स्वतःला विचारीत राहिलो.

त्या दसऱ्याला दुपारी चारच्या सुमारास समोरचे आपट्याची पाने घेऊन आले. आपले दार त्यांनी ओढून घेतले होते, आमचे सताड उघडे होते. डाव्या हातात पानांचे तबक. मला पान दिले, मी त्यांना दिले, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा” झाले. मग दर वर्षीप्रमाणे चौरंगावर एक पान वाहायला ते वाकले. दारातून येणाऱ्याला चौरंगाची जी बाजू पहिली लागे, तिथे नळीचे तोंड होते. झेंडूचा हार बंदुकीवरून घसरून पुढे आला होता. पत्नीने तो गोधडी शिवायच्या जाड दोऱ्यात ओवला होता, कारण आदल्या वर्षीचा हार साध्या दोऱ्यामुळे तुटला होता.

“थांबा,” मी म्हणालो, “हार आडवा आलाय. सरळ करतो.”

मी दस्त्याच्या बाजूने हार धरून वर उचलला. दोरा कशात तरी अडकला. मी हलकेच ओढला आणि सोडला. एवढेच.

आवाजाचे मला फारसे आठवत नाही. आठवतो तो वास: झेंडूचा आणि बारुदीचा, एकमेकांत मिसळलेला. समोरचे खाली बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे असे पाहत होते, जसे ते दुकानात न कळणाऱ्या यंत्राकडे पाहत. अंगठा आणि पुढची दोन बोटे नव्हती. समोरच्या बंद दारावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, छऱ्यांची भोके पडली होती, आणि दारामागून वहिनी विचारीत होत्या, “काय पडलं हो?”

रुग्णालयात त्यांचा हात बांधून झाल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी मनाशी वाक्य जुळवीत होतो. मला वाक्य जुळवायला वेळ लागतो. मी कच्चा मसुदा करणारा माणूस आहे. तेवढ्यात समोरच्यांनी डोळे मिटल्या मिटल्या बोलायला सुरुवात केली.

“मीच हार सरळ करायला गेलो. घोड्यात अडकला. ह्यांनी हात लावला नाही.”

“भरलेली होती?”

“जुनं काडतूस राहिलं असेल आत. ह्यांना तरी काय कल्पना?”

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. “साहेब, असंच झालं?”

मी सेवानिवृत्तीपासून दोन वर्षांवर होतो. निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याचा गुन्हा सिद्ध झाला असता तर काय काय गेले असते, ते मला कलमांच्या क्रमांकांसह त्या क्षणी दिसले. वडिलांचा नियम पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिला जाताना दिसला. आणि तीस वर्षे दुसऱ्यांना अटी आणि शर्ती शिकवणारा मी दिसलो.

“हो,” मी म्हणालो.

आयुष्यात मी इतके छोटे निवेदन कधीच केले नव्हते. प्रकरण अपघात म्हणून मिटले. बंदूक जप्त झाली, परवाना गेला. मी त्याविरुद्ध एकही पत्र लिहिले नाही.

माझी पत्नी रोज समोर डबा नेऊ लागली. आमच्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, शेजारचे भांडे कधी रिकामे परत जात नसे. चिमूटभर साखर तरी असायची. नवव्या की दहाव्या दिवशी वहिनींनी आमचे भांडे परत दिले. घासूनपुसून लखलखीत केलेले, आणि रिकामे. पत्नीने ते ओट्यावर ठेवले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली. “विसरल्या असतील,” मी म्हणालो. ती म्हणाली, “तेवीस वर्षांत नाही विसरल्या त्या.”

दुकान बंद झाले होते. डाव्या हाताने केसाएवढ्या तारेला डाग देता येत नाही. एका डॉक्टरांनी सांगितले होते की पायाचे बोट कापून अंगठ्याच्या जागी बसवता येते. मुंबईत होते, खर्चिक असते, आणि लवकर केले तरच उपयोग होतो. त्यासाठी माझ्या पॉलिसीची ती पुरवणी होती. नेमक्या याच माणसासाठी, याच हातासाठी मी ती भांडून मिळवली होती. मी दावा दाखल केला. दाव्याच्या अर्जात घटनेचे वर्णन लिहायला जागा होती. तिथे मी पोलिसांच्या जबाबाची नक्कल जोडली.

कंपनीने सर्व्हेअर पाठवला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, खिशात मोजपट्टी असलेला गृहस्थ. त्याने चौरंग मागितला, तो मूळ जागी ठेवायला लावला, बंदुकीची लांबी पंचनाम्यातून वाचून खडूने जमिनीवर रेघ ओढली. मग खाली बसून बराच वेळ त्या रेघेच्या दोन टोकांकडे पाहिले.

“आपले शेजारी फार उंच आहेत का हो?” त्याने विचारले.

“मध्यम आहेत. का?”

“उजवा हात इथे, नळीच्या तोंडाशी. त्याशिवाय बोटं जायची नाहीत. डाव्या हातात तबक; पानं रक्तात पडलेली सापडली, पंचनाम्यात आहे. आणि घोडे इकडे, सव्वा हातावर.” त्याने वर पाहिले. “तिसऱ्या हातानं हार सरळ केला असेल, नाही?”

तो उठला, गुडघ्यावरचा खडू झटकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, मी पोलीस नाही. ह्या जबाबाप्रमाणे चूक त्यांची, मग जबाबदारी तुमची नाही, मग आम्ही का द्यायचं? दावा नामंजूर. पण पुरवणी तुमची पक्की आहे, मी वाचलीय. इतकी पक्की मी पाहिलेली नाही. निष्काळजीपणा, हेच तर तिच्यात लिहिलंय. काडतूस आत कसं गेलं आणि हार कोणी उचलला, एवढं एक वाक्य द्या. एकच. पुढचं मी करतो.”

एक वाक्य. माझ्या टंकलेखन यंत्राचा रूळ चार पावलांवर होता.

“आपण माझ्यावर खोटे निवेदन केल्याचा आरोप करता आहात?” मी म्हणालो.

“मी मोजपट्टीबद्दल बोलतोय.”

“आपण माझ्या घरात बसून मला गुन्हा कबूल करायला सांगता आहात!”

त्याने पट्टी खिशात घातली. “बरं. चहा नको मला.”

त्याच दिवशी मी त्याच्या वरिष्ठांना साडेतीन पानी तक्रार लिहिली. विमेदारास दडपणाखाली आणून निवेदन बदलण्यास प्रवृत्त करणे, अधिकारकक्षेचे उल्लंघन, असभ्य वर्तन. ती माझ्या उत्तम पत्रांपैकी एक आहे. सर्व्हेअरला त्या प्रकरणातून काढण्यात आले. महिनाभराने कंपनीचे उत्तर आले: पोलिसांकडील नोंदीनुसार इजा जखमीच्या स्वतःच्या कृतीने झाली असल्याने दावा नामंजूर.

तिथून पुढे मी जी पत्रे लिहिली ती पाहून कोणालाही वाटेल की हा माणूस शेजाऱ्यासाठी रक्त आटवतो आहे. कलमाच्या शब्दरचनेवर लिहिले. ‘जबाबदार ठरल्यास’ म्हणजे कोणी ठरवल्यास, यावर लिहिले. बंदूक घरात ठेवणे हाच निष्काळजीपणा का मानू नये, असाही युक्तिवाद केला. बत्तीस पत्रे झाली. प्रत्येकात कंपनीवरचा माझा राग अस्सल होता; आणि ते एक वाक्य एकाही पत्रात नव्हते.

पत्नीने एकदाच विचारले. ती भाजी निवडत होती, वर पाहिले नाही. “अहो, एवढं सगळं लिहिता, मग तेवढंच का लिहीत नाही?”

“कायद्याच्या बाजू असतात. तुला नाही कळायच्या.”

“हार मी ओवला होता,” ती म्हणाली. “मला तेवढं कळतं.”

समोरचे जिन्यात भेटत. उजवा हात खिशात. “काय म्हणतेय तुमची कंपनी?” ते विचारीत. मी ताज्या पत्राचा मुद्दा सांगे. ते ऐकून घेत आणि म्हणत, “वा. चांगलं लिहिलंय.” मुंबईच्या शस्त्रक्रियेची वेळ पहिल्याच वर्षी टळून गेली होती. नंतर त्यांनी विचारणे सोडून दिले. मी दार उघडले की समोर त्यांचे दार दिसे, आणि त्यावर गुडघ्याच्या उंचीची ती भोके. सोसायटीने जिन्याला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने ती भोके लांबीने भरून बुजवायला घेतली होती. समोरच्यांनी त्याला सांगितले, “ते राहू दे. हवा येते.” मी माझ्या दाराच्या आत उभा राहून ते ऐकले. दसऱ्याला मी झेंडू घरात आणू देईनासा झालो. तरी त्या दिवसांत दुपारी चारला तो मिसळलेला वास खोलीत येई आणि पाच वाजता जाई. पत्नीला येत नसे. मी खिडक्या लावून पाहिल्या, उघडून पाहिल्या.

आता जे सांगायचे ते सांगतो. तशा गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घेतली नाही, तर पुढे घेता येत नाही. मला हे अर्थातच माहीत होते. दसरा तिथीने येतो, मुदत तारखेने संपते. तिसऱ्या वर्षी दसरा तीन दिवस अगोदर आला. मी ती तारीख भिंतीवरच्या कालदर्शिकेत कुठेही खूण न करता लक्षात ठेवली होती. त्या तारखेला मी दिवसभर काही केले नाही. दुसऱ्या दिवशी, कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी, यंत्रावर कागद चढवला आणि एका दमात, मसुदा न करता, पत्र लिहिले. काडतूस मी घातले. हार मी उचलला. घोडा नादुरुस्त असल्याचे मला लेखी कळवलेले होते. जखमीचा जबाब मला वाचवण्यासाठी होता आणि तो खोटा आहे हे ठाऊक असून मी त्यास होकार दिला. पत्र कंपनीला होते, प्रत पोलिसांना. मी सेवानिवृत्त होऊन वर्ष झाले होते, निवृत्तिवेतन सुरू होते. माझे काहीही जाणार नव्हते. हे तेव्हा माझ्या मनात आले नाही असे म्हणालो तर ते तेहतिसावे पत्र ठरेल.

टपालात टाकण्यापूर्वी समोरच्यांना दाखवावे म्हणून मी ते आणि त्याची कार्बन प्रत घेऊन चार पावले गेलो. दार त्यांनीच उघडले. मी पत्र दिले. ते डाव्या हाताने खिडकीशी धरून त्यांनी सावकाश वाचले. उजव्या मनगटाने कागदाचा कोपरा दाबून धरला होता. वाचून झाल्यावर चष्मा वर सरकवला.

“मुदत संपली का?” त्यांनी विचारले.

मी खोटे बोलू शकलो नाही. “काल.”

“काल!” ते म्हणाले. “आणि आज सकाळी लगेच? कमाल आहे तुमच्या तत्परतेची, वकीलसाहेब.”

आतून वहिनींनी हातातले काम थांबवल्याचे ऐकू आले.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारले. “ती भरलेली असते, हे?”

“सव्वीस वर्षं समोर राहतो. तुमच्या वडिलांनीच एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून माहीत होतं. पान वाहताना दर वर्षी मी जरा बाजूनं वाकायचो. त्या वर्षी नाही वाकलो.” त्यांनी पत्राची घडी घातली. “जबाबाचं सांगतो. तुम्ही खाटेशी उभे होतात, तोंड उघडं, शब्द फुटेना. मला वाटलं, ह्या माणसाला मसुदा करायला वेळ लागतो. दोन दिवस देऊ. दोन दिवसांत हा स्वतः जाऊन खरं काय ते लिहून देईल, चार पानं, पोच घेऊन. माझ्याजवळ द्यायला तेव्हा दुसरं काही नव्हतं. मी दोन दिवस दिले होते. तुम्ही तीन वर्षं घेतलीत.”

“मी हे आजच टाकतो,” मी म्हणालो.

“टाका. त्यात मी पोलिसांना खोटं बोललो हेही येतंय. मला विचारलंत का?”

सत्य सांगण्याला दुसऱ्याची परवानगी लागेल, अशी वेळ मी माझ्या हाताने आणली होती.

“पोच हवी असेल तुम्हाला,” ते म्हणाले. मी नको म्हणायच्या आत त्यांनी माझ्या हातातली कार्बन प्रत घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि डाव्या हाताने सही केली. नुकती अक्षरे गिरवायला शिकलेल्याची असावी तशी सही. एकेक अक्षर वेगळे, शेवटचे ओळीबाहेर गेलेले. खाली तारीख घातली. मग आत वळून म्हणाले, “अगं, ह्यांचं एक भांडं राहिलंय ना आपल्याकडे?”

वहिनी ते घेऊन आल्या. आमची पितळेची वाटी, घासलेली. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. समोरच्यांनी घडी घातलेले मूळ पत्र त्या वाटीत ठेवले आणि वाटी माझ्या हातात दिली.

“रिकामं परत करू नये म्हणतात,” ते म्हणाले, आणि दार लावून घेतले.

पत्र मी टाकले नाही. त्यांच्याविरुद्ध जाईल म्हणून टाकले नाही, असे मी स्वतःला सांगतो. आणि हे कारण खरे असूनही मला त्याचा संशय येतो. ते गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. वहिनी मुलीकडे गेल्या. घर बंद आहे, दार तेच आहे. माझ्या कपाटात कार्बन प्रतींच्या एकोणचाळीस फायली आहेत. त्यांतली पत्रे ज्यांना लिहिली त्यांच्याकडे गेली, माझ्याकडे फक्त नकला राहिल्या. एकाच फायलीत मूळ पत्र आणि त्याची पोच दोन्ही माझ्याजवळ आहेत. दसऱ्याच्या दुपारी मी ती काढतो, ओळीबाहेर गेलेले ते शेवटचे अक्षर पाहतो, आणि पाच वाजेपर्यंत बसून राहतो.